लाइट लागला म्हणजे काम झालं नाही

हात पुसून झाले असतील तर इकडे ये. बाकीच्यांनीही या, हे एकट्याला सांगण्यासारखं नाही.

ट्रॉलीचे दिवे एकेक करून दाखवलेस आणि ‘झालं, सर’ म्हणून मोकळा झालास. मी सगळे एकदम लावायला सांगितले, तेव्हा इंडिकेटरबरोबर टेल लाइट मंदावायला लागले. का, हे तुला सांगता आलं नाही. अर्थची वायरच टाकली नाहीस तू! हुकाच्या पिनेतून अर्थ मिळतो म्हणालास. त्या पिनेला ग्रीस आहे, गंज आहे, आणि प्रत्येक खड्ड्यात ती हलते. परतीची वाट तुटली की करंट शेजारच्या बल्बातून वाट काढतो. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यानं त्यातून काय समजायचं? सात पिनांच्या सॉकेटमध्ये तीन नंबरची पिन अर्थसाठीच दिलेली आहे. ती वायर सगळ्यात आधी जोडायची.

जॉइंट बघू. सोललं, पिळलं, टेप गुंडाळली. उन्हानं ही टेप सुटणार, पाणी शिरणार, तांबं हिरवं पडणार. सोल्डर करायला शिकवलं होतं ते कशासाठी? पत्र्याच्या भोकातून वायर नेलीस, तिथे रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याची धार इन्सुलेशन कापणार. त्यात लाइन थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज नाही. शॉर्ट झालं तर वायर जळेल, आणि डिझेलची टाकी तिथून हातभर लांब आहे.

हिशेबही केला नाहीस. ब्रेकचा एक बल्ब 21 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर. ट्रॅक्टरचे दोन आणि दोन ट्रॉल्यांचे चार मिळून साडेदहा अँपिअर. ऊस वाहणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो हे तुला मी सांगायला नको, तुझ्या गावावरून हंगामभर रात्रंदिवस जातात. तरी दोन बल्बांच्या स्विचवर तू सहा बल्ब टाकलेस. तिथे रिले हवा, आणि जाड वायर.

दिवे लावलेस तेही फळीच्या आत. ऊस भरला की झाकले जातील. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसं मरतात, हे तू पेपरात वाचतोस आणि इथे येऊन विसरतोस, याचा मला खरा राग आहे. वेळ कमी पडला असता तर मी दिला असता. तू वेळ मागितला नाहीस, काम उरकलंस.

सगळं उघड. अर्थ, फ्यूज, रिले, सोल्डर, ग्रोमेट, या क्रमानं पुन्हा कर. वळताना ताण येणार नाही आणि जमिनीला घासणार नाही इतकीच वायर ड्रॉबारवर सैल सोड. मागे लाल रिफ्लेक्टर लाव, बल्ब गेला तरी तो दिसतो. मग टेल लाइट, इंडिकेटर आणि ब्रेक एकत्र लावून मला दाखव. तोवर ही ट्रॉली वर्कशॉपच्या फाटकाबाहेर जाणार नाही.