पुलाखालची वाहतूक

गोव्यात डिचोलीचे खनिज सारमानसच्या धक्क्यावर बार्जमध्ये भरले जाते आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे निघते. 2018 साली बंद पडलेल्या खाणी डिचोलीत 2024 पासून पुन्हा सुरू झाल्या. तेव्हा रोजगाराची, ट्रकांची, धुळीची चर्चा घरोघर झाली. त्या चर्चेत बार्ज ज्यांच्यामधून जातात ते पुलांचे खांबही यायला हवेत.

26 मार्च 2024 रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरला 'दाली' हे मालवाहू जहाज वीज जाऊन भरकटले, खांबावर आदळले आणि पूल नदीत कोसळला. रात्री पुलावर खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. याच पुलाला 1980 साली एक जहाज धडकले होते, तेव्हा तो टिकला होता. पूल 1977 चाच राहिला, जहाजे मात्र वाढत गेली. धोक्याचा हिशेब आधी केला असता, तर तो मान्य मर्यादेच्या जवळजवळ तीसपट निघाला असता, असे चौकशीत दिसले. तो हिशेब कुणी केलाच नव्हता.

आपल्याकडेही बोरीच्या पुलाला बार्ज धडकली होती. जुलै 2017 मध्ये एक कॅसिनो जहाज भरकटून मिरामारच्या वाळूत रुतले. तिथे पुलाचा खांब नव्हे, वाळू होती, हे नशीब. पावसाळ्यात मांडवीचे मुख धोक्याचे होते, म्हणून बार्ज कुंभारजुवेच्या कालव्यातून, बाणस्तारीच्या पुलाखालून झुआरीत उतरतात. नेमकी तेव्हाच पाण्याला ओढ जास्त असते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते.

खांब वाचवायला जुना पूल पाडावा लागत नाही. खांबाच्या पुढे, त्याला न चिकटता, स्वतंत्र पायावर भक्कम खुंट उभारले की बार्ज आधी त्यांच्यावर आपटते. रुंद पात्रात दगडांची भर घालता येते. अरुंद कालव्यात तीच भर प्रवाह अडवील. खुंट होईपर्यंत वेगावर मर्यादा आणि पुराच्या दिवसांत बार्जना पूर्ण बंदी, एवढे तरी लगेच करता येईल.

5 जुलै 1986 रोजी मांडवीचा पूल कोसळला, तो धडकेने नव्हे. पण बेतीच्या फेरीबोटीसाठी ताटकळलेल्या पेडणे-बार्देसच्या माणसांना पूल नसणे म्हणजे काय, हे पक्के ठाऊक आहे. पूल सार्वजनिक बांधकाम खाते पाहते, बार्ज बंदर कप्तान खाते. दोघांनी एकत्र बसून प्रत्येक खांबाचा हिशेब करावा आणि सुरुवात बाणस्तारीपासून, पाऊस लागण्याआधी करावी.