अभिरुचीतील बदल आणि 'वाढ'

पाइप ओढणाऱ्यांच्या रुचीचा एक प्रवास नेहमी सांगितला जातो. आरंभी व्हॅनिला वा चेरीच्या अर्काने सुगंधित केलेली गोड मिश्रणे. पुढे धुरावर पक्व केलेल्या लाताकियाचे गडदपण. अखेरीस बहुधा काहीही न मिसळलेली व्हर्जिनिया. हा प्रवास सांगताना 'बदल' हा शब्द फार काळ टिकत नाही. त्याची जागा 'वाढ' घेते. वर्णनातून मूल्यमापनात होणारे हे संक्रमण कशाच्या आधारावर होते, हा प्रश्न तंबाखूपुरता क्षुल्लक असेल. साहित्याच्या अभिरुचीबाबत तो तसा नाही.

कांटने १७९० मध्ये कॅनरी मद्याची रुची 'मला सुखद' एवढ्यापुरती मर्यादित केली आणि सार्वत्रिकतेचा दावा सौंदर्यविधानासाठी राखून ठेवला. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) कांटचा हा विचार मराठी अभ्यासकाच्या परिचयाचा आहे. (कांट स्वतः रोज सकाळी चहाबरोबर एक पाइप ओढीत असे, त्या पाइपाविषयी त्याने सार्वत्रिकतेचा दावा केल्याचे ऐकिवात नाही.) ह्यूमने १७५७ च्या निबंधात विशीत ओव्हिड, चाळिशीत होरेस आणि पन्नाशीत टॅसिटस आवडू शकतो हे मान्य केले, पण या तिघांची उतरंड लावण्याचे टाळले. अभिनवगुप्ताच्या सहृदयाचा मनोरूपी आरसा मात्र काव्याच्या अनुशीलनाने स्वच्छ झालेला असतो. तेथे अभ्यास हा सरळसरळ वाढीचाच हेतू ठरतो.

परंतु आरसा अभ्यासाने उजळतो तसा धुराने काळवंडतोही. तीव्र मिश्रणाकडे वळलेला मनुष्य अधिक सूक्ष्म झाला आहे, की त्याच्या जिभेला सौम्य चव जाणवेनाशी झाली आहे? बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. मला एकच कसोटी सुचते: मागे टाकलेल्या चवीत काय होते, ते त्याला आजही सांगता येते का? येत असेल तर ती वाढ. 'फिकी' यापलीकडे शब्द सापडत नसेल तर तो निव्वळ बोथटपणा.

अक्कलकुवा, मोलगी या भागात पानात तंबाखू वळून ओढणारे वृद्ध भेटतात. चाळीस चाळीस वर्षे चव एकच. पण पान ओलसर आहे की अतिवाळलेले, तंबाखू नवी की जुनी, हे ते पेटविण्यापूर्वी नुसत्या बोटांनी सांगतात. प्रवास शून्य, विवेक पुरेपूर. मिश्रणांच्या संख्येवर रुचीचा विकास मोजणाऱ्याजवळ यांच्यासाठी रकानाच नाही. शिवाय त्या प्रवासाला दुकान लागते, पैसा लागतो, ही गोष्ट सौंदर्यशास्त्र सहसा विसरते.

याच तालुक्यातील, घरी भिली बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत मर्ढेकरांपेक्षा फडक्यांची कादंबरी आपल्याला जवळची वाटते असे सकारण लिहिले होते. मी समासात 'अभिरुची अपरिपक्व' असा शेरा मारून गुण कापले. सोळाव्या वर्षी त्याच कादंबऱ्या मी रात्र जागून वाचल्या होत्या. त्यांत तेव्हा मला काय सापडले होते, ते हा लेख लिहिताना आठवून पाहिले. 'सफाईदार' याखेरीज शब्द मिळाला नाही. त्या विद्यार्थ्याने दीड पान लिहिले होते.