रिकामी खुर्ची कोणाची?

मृत्यू, राजीनामा अथवा अपात्रता यांमुळे ग्रामपंचायतीतील किंवा महापालिकेतील एखादी जागा मुदतीपूर्वीच रिकामी होते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींची बातमी येते आणि चावडीवर चर्चा सुरू होते ती 'आता तिथे कोण?' याची. त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न मात्र मागेच राहतो. ती जागा मुळात कोणाची? गेलेल्या सभासदाची, त्याच्या घराची, त्याच्या पक्षाची, की ज्यांनी मते दिली त्या वस्तीची?

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या सभासदाला नवी पाच वर्षे मिळत नाहीत. पूर्वीच्या सभासदाची उरलेली मुदत तेवढी त्याच्या वाट्याला येते. जागा स्त्रियांसाठी किंवा मागासवर्गीयांसाठी राखीव असेल, तर ती पोटनिवडणुकीतही राखीवच राहते. माणूस बदलतो, जागेचे स्वरूप आणि तिची मुदत बदलत नाही. याचा अर्थ उघड आहे. जागा वस्तीची आहे. सभासद हा तिचा मालक नव्हे, विश्वस्त आहे.

रिकाम्या जागेचे नैतिक मोल कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध आदेश रिकाम्या जागांविषयीचाच होता. संस्थानच्या नोकरीत यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असे त्यात फर्मावले होते. सरकारी नोकरी आणि लोकांनी निवडून दिलेले पद या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. तरीही महाराजांनी ओळखलेले तत्त्व दोहोंनाही लागू पडते. जागा रिकामी होते तो क्षण न्यायाचा असतो. ती नेहमीच्याच हातांत सरकवायची, की जिथे हक्क आहे तिथे पोहोचवायची, हे त्याच क्षणी ठरते.

व्यवहारात मात्र या प्रश्नाला करुणेची बाजू येऊन मिळते. सभासदाचे अकाली निधन झाले, तर त्याच्या पत्नीला किंवा मुलाला उभे करावे आणि इतरांनी माघार घ्यावी, अशी आपल्याकडे प्रथा आहे. तिच्यामागची माणुसकी नाकारता येत नाही. शोकाकुल घराला प्रचाराच्या चिखलात ओढू नये, ही भावना सुसंस्कृत समाजाचीच आहे. परंतु घराचे सांत्वन करणे आपले कर्तव्य असले, तरी ते दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूने कसे करावे? २०२२ साली विधानसभेच्या दोन पोटनिवडणुकांत या प्रश्नाची दोन रूपे दिसली. कोल्हापूर उत्तरमध्ये आमदार चंद्रकांत जाधव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी जयश्री जाधव उभ्या राहिल्या. त्यांना चुरशीचा सामना द्यावा लागला आणि मतदारांनी त्यांना निवडून दिले. अंधेरी पूर्वेत आमदार रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके यांच्याविरुद्धच्या प्रमुख पक्षाने ऐनवेळी माघार घेतली. त्या मोठ्या मताधिक्याने विजयी झाल्या खऱ्या, पण दुसऱ्या क्रमांकाची मते 'नोटा'ला पडली; १२,८०६ मतदारांनी ते बटण दाबले. दोन्ही ठिकाणी पत्नीच निवडून आली. पण पहिल्या ठिकाणी जागा लोकांना विचारून दिली गेली, तर दुसऱ्या ठिकाणी विचारण्याआधीच निकाल जवळजवळ लागलेला होता. उमेदवार कोणाचा कोण, यापेक्षा हा फरक मोठा आहे.

बायबलमधील एक प्रसंग येथे आठवतो. यहूदाच्या जाण्याने बारांमधील एक जागा रिकामी झाली, तेव्हा पेत्राने सुमारे १२० जणांपुढे तो विषय मांडला. त्या मंडळींत येशूची माता मरिया होती, येशूचे आप्तही होते. तरी जागा भरताना नाते पाहिले गेले नाही. आरंभापासून जो सोबत राहिला आणि जो साक्ष देऊ शकेल, त्यालाच ती मिळावी, अशी अट होती. दोन नावे पुढे आली, प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि मत्थिया निवडला गेला. प्रेषितपद हे काही नगरसेवकपद नव्हे; पण निकष सेवेचा असावा, रक्ताचा नव्हे, एवढा धडा त्यातून घेण्यास हरकत नाही.

जागा न भरण्याचे समर्थन करणारेही आहेत. थोड्या महिन्यांसाठी खर्च कशाला, असे ते म्हणतात. मुदत अगदी संपत आली असेल तर हे म्हणणे रास्त आहे. पण सोय हा एकदा निकष ठरला, की तो कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. आधी महामारी, मग आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा घोळ अशी कारणे येत गेली आणि सर्वच्या सर्व ८१ जागा पाच वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिल्या. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात प्रशासकांनी कारभार पाहिला. तो बरा झाला की वाईट, हा येथे प्रश्नच नाही. प्रशासकाला जाब विचारता येतो, पण त्याला मताने बदलता येत नाही. एक खुर्ची रिकामी राहिली तर आपण कुरकुरतो; सगळे सभागृह रिकामे राहिले, तेव्हा आपण त्याची सवय करून घेतली.

रिकाम्या खुर्चीची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ज्याची ओळख आहे, त्याचे काम नगरसेवकावाचूनही होते. नळाला पाणी न येणारी विधवा, दाखल्यासाठी खेटे घालणारा मजूर, तुंबलेल्या गटाराशेजारचे बिऱ्हाड यांना दार ठोठावण्यासाठी एकच घर ठाऊक असते, आणि तेच बंद झालेले असते. म्हणून पोटनिवडणुकीचे थंड वाटणारे मतदान टाळणे, हे केवळ आपले मत वाया घालवणे नव्हे. ते त्या शेजाऱ्याचे दार आणखी काही काळ बंद ठेवणे आहे. आपल्या प्रभागात अशी जागा रिकामी झाली, तर 'आता तिथे कोण?' असे विचारण्याआधी तिच्यावाचून कोणाचे अडले आहे, हे आपण पाहावे. त्यातूनच योग्य उमेदवाराची कसोटीही सापडेल.