नियम आणि त्याचे कारण

पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका जुन्या संस्थेचा सभासद-नोंदींचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तो उभारणारे कोणीही संस्थेत उरले नव्हते. कोणत्या रकान्यात काय चालते, हे प्रत्येक जण आपापल्या स्मरणाप्रमाणे सांगत होता आणि त्यांत मेळ नव्हता. निर्णय डेटाबेसकडूनच घेणे भाग होते.

रिलेशनल डेटाबेस स्वतःविषयीची माहितीही, म्हणजे मेटाडेटा, तक्त्यांतच ठेवतो. एडगर कॉड यांनी 1985 साली अशा डेटाबेससाठी मांडलेल्या बारा नियमांत याचा आग्रह आहे: ही माहिती नेहमीच्याच भाषेत विचारता यावी आणि अचूकतेची बंधने प्रोग्रॅममध्ये न विखुरता तेथेच नोंदलेली असावीत. पोस्टग्रेसच्या ‘इन्फर्मेशन स्कीमा’त बंधनाचे नाव व प्रकार एका तक्त्यात, प्रायमरी आणि फॉरेन कीचे रकाने दुसऱ्यात, तर रकान्यात कोणती मूल्ये चालतील हे ठरवणाऱ्या ‘चेक’ बंधनाची अट तिसऱ्यात मिळते.

उभारणीची जुनी फाइल वाचून हे काम भागत नाही. मायएसक्यूएलच्या 8.0.16 पूर्वीच्या आवृत्त्या ‘चेक’ बंधन स्वीकारल्यासारखे दाखवत, पण ते अमलात आणत नसत. लिहिलेला नियम आणि लागू असलेला नियम यांतील अंतर मेटाडेटात पाहिल्यावरच कळते.

त्याच सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. 1910 साली त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी ऐकीव कथांपेक्षा अस्सल कागदांना प्रमाण मानले. ती शिस्त आमच्या व्यवसायालाही तितकीच आवश्यक आहे. मात्र अस्सल कागद घडलेले सांगतो. त्यामागचा हेतू पुष्कळदा अनुमानानेच जाणावा लागतो.

माझाही अनुभव तसाच होता. सभासद-प्रकाराचा रकाना तीनच संकेत स्वीकारत होता, हे निश्चित झाले. चौथा का नाकारायचा, हे कोठेही नोंदलेले नव्हते. कारण हरवलेल्या नियमासमोर उत्तराधिकारी असहाय होतो: तो नियम आंधळेपणाने पाळतो किंवा निष्काळजीपणे मोडतो. दोन्हींत मूळ कर्त्याच्या विचाराचा लोप होतो. आपले काम आपल्यानंतरही चालणार असेल, तर त्यामागचा विवेक मागे ठेवणे हा त्या कामाचाच भाग आहे.

म्हणून डेटाबेस घडवणाऱ्यांना एक विनंती: प्रत्येक बंधनाला अर्थपूर्ण नाव द्या, आणि पोस्टग्रेसप्रमाणे टिप्पणी जोडण्याची सोय असेल तेथे त्याचे कारण एका वाक्यात त्याला जोडून ठेवा.