स्वर्ग नाकारणारा माणूस

१५१२ साल. क्युबा बेट. एका माणसाला खांबाला बांधलंय, पायाशी लाकडं रचलीयत. पेटवण्याआधी एक फ्रान्सिस्कन साधू त्याच्याजवळ जातो आणि सांगतो, की आता तरी ख्रिस्ती धर्म स्वीकार, म्हणजे स्वर्गात जाशील. नाहीतर नरकात कायमच्या यातना आहेत. तो माणूस थोडा विचार करून विचारतो, स्पॅनिश लोकही स्वर्गात जातात का? साधू म्हणतो, हो, चांगले असतात ते जातात. मग मला तिथं जायचं नाही, असं उत्तर येतं. त्याला जिवंत जाळलं जातं.

त्याचं नाव हातुए. तायनो लोकांचा कासिके, म्हणजे प्रमुख. मूळचा शेजारच्या हिस्पॅनिओला बेटावरचा. आज तिथं हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन देश आहेत. कोलंबस १४९२मध्ये तिथं पोचला, आणि पुढच्या वीसेक वर्षांत सोन्यासाठीची वेठबिगारी, कत्तली आणि रोगराई यांनी तिथला समाज उद्ध्वस्त झाला. हातुए आपली माणसं घेऊन होड्यांतून क्युबाला निघून आला. तिथं त्यानं लोकांना सोन्याच्या दागिन्यांची टोपली दाखवून सांगितलं, की स्पॅनिशांचा देव हा आहे, याच्यासाठी ते आपल्याला मारतात. १५११मध्ये दिएगो वेलास्केस क्युबा जिंकायला आला, तेव्हा हातुए त्याच्याशी लढला आणि शेवटी पकडला गेला.

हे सगळं आपल्याला कळतं ते बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश पाद्र्यामुळे. क्युबात त्याला स्वतःलाही जमीन आणि राबायला तायनो माणसं मिळाली होती. १५१४मध्ये त्यानं ती सोडली आणि उरलेलं आयुष्य या अत्याचारांविरुद्ध लिहिण्यात घालवलं. म्हणजे हातुएचा नकारसुद्धा आपल्यापर्यंत पोचतो तो जिंकणाऱ्यांच्या भाषेतून.

या गोष्टीत हातुएचं धैर्य लगेच दिसतं. मला जास्त विचार करायला लावतो तो साधूचा प्रश्न. वरवर तो दयेपोटी विचारलेला आहे. साधूला खरंच या माणसाचा आत्मा वाचवायचा असेल. पण त्या प्रश्नानं आणखी एक गोष्ट साधते. हातुएला जाळायचं हे आधीच ठरलंय. तरीही आता त्याच्यासमोर ‘निवड’ ठेवली जाते. तो नाही म्हणाला, तर पुढच्या यातना त्यानं स्वतः ओढवून घेतल्या, असं म्हणता येतं.

पुढच्याच वर्षी, १५१३मध्ये, स्पेननं या युक्तीचा कायदेशीर मसुदाच केला. त्याचं नाव रेकेरिमिएन्तो. हल्ला करण्याआधी तो वाचून दाखवायचा. पोपनं ही भूमी स्पेनच्या राजाला दिली आहे, ते मान्य करा. नाहीतर आम्ही युद्ध करू, तुम्हाला गुलाम करू, आणि त्यात जे मरतील त्याचा दोष तुमचा. हे वाचलं जायचं स्पॅनिशमध्ये, ती भाषा न कळणाऱ्यांसमोर; कधीकधी तर ओस पडलेल्या गावांसमोर. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, ‘आय अ‍ॅग्री’चं बटण रोज बघतो. त्याची या रक्तपाताशी बरोबरी करणं चूक ठरेल. पण कुणी न वाचलेल्या मजकुराच्या जोरावर जबाबदारी समोरच्यावर टाकायची ही पद्धत मला ओळखीची वाटते.

आता दुसरा माणूस बघा. १५३३, पेरूमधलं काहामार्का. इंका सम्राट आतावाल्पालाही जाळून मारायचं ठरलं होतं. त्यानं बाप्तिस्मा घेतला, म्हणून त्याला जाळण्याऐवजी गळा आवळून मारलं. इंकांमध्ये मृत राजांचे देह जपून ठेवत. जळालेला देह म्हणजे सगळंच संपलं. मग त्याचा होकार ही शरणागती होती, की आपल्याच श्रद्धेशी राखलेली निष्ठा? बाहेरून सांगता येत नाही. गळ्याशी आलेल्या माणसाच्या होकारावरून त्याच्या मनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून हातुएला मोठं करताना आतावाल्पाला छोटं करायची गरज नाही. आपल्याला तशी सवय असते: ज्यानं मान तुकवली नाही तो वीर, ज्यानं तुकवली तो भेकड. असा निकाल देताना आपणही साधूच्याच बाजूला उभे राहून बांधलेल्या माणसाची परीक्षा घेत असतो. खांब कुणी रोवला, हे विचारायचं राहून जातं.

हातुएच्या उत्तराचं मोल मला इथं वाटतं. त्यानं प्राण वाचला नाही, क्युबाही वाचला नाही. पण त्यानं परीक्षेची दिशा बदलली. तू स्वर्गाच्या लायक आहेस का, असं त्याला विचारलं जात होतं. त्यानं उलट विचारलं, की तुमचा स्वर्ग कसल्या माणसांचा आहे? दोष त्याच्यावर टाकायचा प्रयत्न होता. तो त्यानं घेतला नाही, जिथून आला तिथं परत पाठवला. ‘चांगले स्पॅनिश जातात’ हे साधूचं उत्तर खोटं नसेलही. पण ते चांगले लोक कोण, हे दाखवायला त्या दिवशी त्याच्या आजूबाजूला फक्त लाकडं पेटवणारेच होते.