गोऱ्ह्याचा रकाना

कळसच्या शाळेत नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी विषय मिळाला, ‘गोपालनाचं भविष्य’. सरांनी तक्ता आखून दिला. गाई किती, दुभत्या किती, कालवडी किती, दूध, फॅट, मुरघास. मॉडेलही ठरलं, थर्माकोलची गाय आणि शेजारी गोबरगॅसची टाकी. परदेशातली शाळकरी मुलं मांसासाठीच्या गुरांचाही अभ्यास करतात, असं सर बोलता बोलता म्हणाले. “आपल्याकडं गाय आणि वासराच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी, २०१५ पासून बैल आणि वळूंनाही. म्हणजे आपला विषय दुधापुरता.”

पोरं वस्त्यावस्त्यांवर हिंडली. बेरजा करायचं काम गटातल्या सगळ्यात अबोल मुलीकडं होतं. वर्षभरात व्यालेल्या गाई मोजल्या, तर कालवडी त्यांच्या निम्म्याच्या आसपास भरत होत्या. उरलेली निम्मी वासरं दावणीला दिसतच नव्हती. तिनं पट्टी घेऊन कडेला आणखी एक रकाना ओढला आणि वर लिहिलं, ‘गोऱ्हा’.

दुसऱ्या फेरीत उत्तरं आखडली. “जगलं न्हाई.” “पाव्हण्यानं नेलं.” “बाजारात गेलं असंल.” हमखास चहा ठेवणाऱ्या काकूंनी त्या दिवशी पाणीसुद्धा विचारलं नाही. “असलं इचारायला शाळंत घालत्यात व्हय?” गटातल्या एका मुलाच्या घरी दूध संकलन होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी गटच सोडला.

काकूंना कठोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण होल्स्टीन, जर्सीच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नसतं, त्यामुळे मानेवर जू ठरत नाही. उन्हाला तो दमतो, आणि नांगरट तर कधीच ट्रॅक्टरकडं गेली. शर्यतीला खिल्लार लागतो. आयर्लंडसारख्या देशात दुधाच्या गाईचा गोऱ्हा मांसासाठी वाढवतात, तिथं त्याला निदान गिऱ्हाईक असतं. इथं तो मारायचा नाही हे कायदा सांगतो. पोसायचा कुणी, हे मात्र दुधाच्या पगारावर सोडलेलं.

स्वतःचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं. गोठ्यामागं आखूड दाव्याला एक गोऱ्हा होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.

“आबा, ह्याला लिहू?”

“नको.”

“का?”

आबा वैरण सारत राहिले. मग म्हणाले, “तुझी सायकल दुधावर आली. वह्या दुधावर. दूध पायजे तर गाय व्याली पायजे, आन् व्याली की निम्म्या खेपंला ह्येच. सरांना सांग, ह्ये बी लिवा म्हनावं.”

तिनं घरचा गोऱ्हा लिहिला नाही, पण रकाना ठेवला. सर तक्ता बघून जरा वेळ गप्प राहिले. परीक्षक काय म्हणतील, ही त्यांची काळजी. शेवटी त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना वर्गात बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता निवडक वीर्याची कांडी मिळते, ती भरली तर शंभरात नव्वदच्या आसपास कालवडीच होतात. साध्या कांडीपेक्षा गाय फळण्याचं प्रमाण थोडं कमी, पण उपाय आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“आणि जे झालेत ते?” तिनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “त्यांना खायला घालायचं. शेण मिळतं, गोबरगॅस चालतो. पण परवडेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.”

प्रदर्शनाला गावातली माणसं आली. थर्माकोलच्या गाईपाशी फोटो काढून बहुतेक पुढं सरकली. आबा तक्त्यासमोर थांबले. अक्षर लावत लावत शेवटच्या रकान्यापर्यंत आले.

“ह्यात आपला धरला का?”

“तुम्ही नको म्हणालात.”

“धर. आन् त्याला महिन्याला पेंड किती लागती, त्ये बी लिही. वाचू दे समद्यांना.”

तिनं दप्तरातून पेन काढलं. मागं काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमचं दोन लिही.”