ऊर्जेचे अविनाशित्व आणि श्रद्धा
उंचावरील वस्तूची स्थितिज ऊर्जा, म्हणजे स्थानामुळे साठलेली कार्य करण्याची क्षमता, पडताना गतिज होते आणि आघातानंतर बहुतांशी उष्णतेत उतरते. या रूपांतराचे मोजमाप जेम्स ज्यूल यांनी १८४३ पासूनच्या प्रयोगांतून केले, परंतु ईश्वरनिर्मित शक्ती नष्ट होऊ शकत नाही, ही श्रद्धाही त्यांच्या खात्रीमागे होती. ती श्रद्धा प्रेरणा होती, पुरावा नव्हे, हा भेद जपलाच पाहिजे. पुढे १९१८ मध्ये एमी नोएथर यांनी, निसर्गनियम काळानुसार बदलत नसतील तर ऊर्जा अक्षय राहते, हे गणिताने सिद्ध केले. मात्र ऊर्जेच्या अविनाशित्वाच्या या नियमातून आत्म्याचे अमरत्व काढणे अयोग्य ठरते, कारण ऊर्जा ही केवळ मोजता येणारी राशी असून देहाची उष्णता हवेत पसरली तरी तिच्यासोबत स्मृती किंवा व्यक्तित्व टिकते, असे भौतिकी कोठेही सांगत नाही.